डब्यातला कौल

मानखुर्द, ११ नोव्हेंबर १९८५

सुलक्षणा,

दादू घाडीने बिस्किटांच्या डब्यात हात घातला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुझं काहीच बदललं नाही. तू चिठ्ठी उलगडलीस, ‘ब’ वाचलंस, नाव लिहून घेतलंस आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीस. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. दादू माझ्याकडे बघून हसला, जत्रेत काहीतरी लागल्यासारखा. ‘ब’ म्हणजे काय ते त्याला कुठे ठाऊक होतं?

तुझ्या एम.फिल.चा प्रश्न मला तोंडपाठ आहे, कारण तुझा प्रस्ताव मीच दोनदा टाइप करून दिला. क्षयाचे पेशंट गोळ्या अर्ध्यावर सोडतात. आठवड्यातून एकदा कोणी त्यांच्याशी नीट बसून बोललं, तर सोडायचे थांबतील का? म्हणून ‘अ’ गटाने दर सोमवारी दवाखान्यातल्या हिरव्या पडद्यामागे तुझ्यासमोर बसायचं. ‘ब’ गटाने नुसत्या गोळ्या घेऊन घरी जायचं. आपण ‘ब’शी बोलायचं नाही. बोललो तर दोन गटांतला फरकच पुसला जाईल. कोण कुठे जाणार हे आपण ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. वाचायला एकदम झकास. पण दादू घरी जात नाही ना! गोळ्यांची पुडी खिशात टाकून बाकावरच बसतो. पडद्यामागून हसण्याचा आवाज आला की मान वाकडी करून बघतो. मागच्या सोमवारी त्याने मला विचारलं, “मास्तर, माजो नंबर कधी लागतलो?” मी तुझ्याकडे पाहिलं. तू नुसती मान हलवलीस. बोलू नकोस.

मग मी आपल्या गाइड मॅडमच्या खोलीत गेलो. काय बोललो ते सगळ्या डिपार्टमेंटने ऐकलंय. मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, “अंबादास, कळवळा म्हणजे संशोधन नव्हे.” मी म्हणालो, तर मग तुमचं संशोधन तुम्हालाच लखलाभ. दार आपटलं तेव्हा काच तडकली. तू जिन्यापर्यंत मागे आलीस. वाटलं, आता म्हणशील, थांब रे. तू म्हणालीस, “तू नेहमी दार आपटूनच का जातोस?”

नाव काढून घेतलंय. वडिलांना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी मी अजून रोज सकाळी मानसशास्त्र शिकायला जातो. आमच्या सगळ्या खानदानात इतकं शिकलेला मी पहिलाच, हे ते चेंबूरपर्यंत ज्याला त्याला सांगत असतात.

तू ये. रविवारी पार्ल्याला, नेहमीच्या ठिकाणी. मी वाट बघेन.

अंबादास

घाटकोपर, २ डिसेंबर १९८५

सुलू,

तू आली नाहीस. आलं ते तुझं कार्ड, त्यावर तीन ओळी. ‘दादूकडे जाऊ नकोस. माझा अभ्यास बिघडेल. तुझाही बिघडलाच आहे.’ कार्ड घरी पोस्टमनने वडिलांच्याच हातात दिलं. तेव्हा आता त्यांनाही कळलं. ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत राहिले. त्यापेक्षा दोन लगावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि हो, मी दादूकडे जातो. मी आता तुमच्या डिपार्टमेंटचा कोणी नाही, मला कोण अडवणार?

भटवाडीत डोंगराच्या अंगावर त्याची खोली आहे. संपात गिरणी गेली, मग एका कारखान्यात वॉचमन झाला, मग हा खोकला. बायको शकुंतला. सगळे शकुवहिनी म्हणतात, मीही म्हणतो. मी गेलो की ती स्टोव्ह पेटवते.

“मास्तर इले. चाय टाकतंय.”

“मास्तर कसलो?” दादू चटईवरून म्हणतो. “शाळा सोडून इलो तो. आमच्या गावात अशाक गुरां राखूक धाडतत.”

“गुरं परवडली, दादू,” मी म्हणालो. “ती प्रबंध लिहीत नाहीत.”

खूप हसला. मग खोकला. खोकला थांबल्यावर त्याने तोच प्रश्न विचारला. त्या पडद्यामागे काय करतत? कोण हसान भायर येता, कोण डोळे पुसान. माजो नंबर कधी?

मी सांगून टाकलं. सुलू, मी खोटं बोलू शकत नाही. म्हणालो, “दादू, तुझा नंबर नाही. डब्यातून तुझा ‘ब’ निघाला. ‘अ’वाल्यांशी बोलतात, ‘ब’वाल्यांना नुसत्या गोळ्या.”

“म्हंजे माका काडून टाकल्यानी?”

“काढलं नाही. तुलनेसाठी ठेवलंय.”

“ह्या ठरवल्यान कोणी? बाईन?”

“कोणीच नाही. तीच तर गंमत आहे. सगळं चिठ्ठीवर.”

 दादू म्हणाला, “कोणीच नाय म्हंजे देवान. कौल झालो तो.”

त्यांच्या गावात देवाला कौल लावतात म्हणे. दगडावर फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दादूच्या घराण्याकडेच ते गाऱ्हाणं घालायचा मान. “माका डावो कौल दिल्यान,” असं तो शकुवहिनीला म्हणाला, भाव विचारून आल्यासारखा. मला हसू आलं. आमच्या घरात देवच नाही, कौल कुठून येणार? मी म्हटलं, “दादू, कागदाचे कपटे आहेत ते. देवाचा काय संबंध?” तोही हसला. चहा छान होता.

बघ, तुझ्या पडद्यामागे जे होतं ते चटईवरही होतं. माणूस हसला, बोलला. त्याला हिरवा पडदा लागत नाही.

तुला आठवतं, सरावासाठी आपण एकमेकांवर चाचण्या घ्यायचो? घेणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा, असा नियम. तू चित्र बघून गोष्ट सांगत होतीस. बाई खिडकीशी उभी आहे, कुणाची तरी वाट बघते. माझा चेहरा कोरा राहिला नाही. तू पेन्सिल माझ्या हातावर मारलीस, “नापास!” म्हणालीस. मी अजून त्याच बाकावर बसलोय.

अंबादास

घाटकोपर, २० जानेवारी १९८६

सुलक्षणा,

पत्र आलं. एवढं लांब पत्र तू मला पहिल्यांदाच लिहिलंस, आणि त्यात माझ्याबद्दल एक ओळ नाही. तू विचारतेस, दादू दवाखान्यात यायचा का थांबला? त्याला काय सांगितलंस? सहा महिने झाले की ‘ब’ गटालाही तेच मिळणार आहे, हे सांगितलंस ना?

ते सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे त्या वेळी मला ती मॅडमची पळवाट वाटली. नंतर सांगितलं, अगदी परवाच. “दादू, सगळ्यांचं संपलं की तुलाही बोलावणार आहेत.” तो म्हणाला, “देव नाय म्हनल्यार माणूस मागसून होय म्हनता, तेका काय अर्थ?”

गोळ्या आता वहिनी दवाखान्यातून आणते, तो घेतो. म्हणजे, घेतो असं म्हणतो. मी संशय घेतला नाही. मी त्याचा पोलीस नाही.

पण काल एक गोष्ट झाली ती लिहितो. तू चिडशील, चिड. दादू मागच्या दगडावर उन्हाला बसला होता. शकुवहिनी तांदूळ निवडत होती. हळूच म्हणाली, “मास्तर, एक इचारू? ह्येंचा आता मोरीत लाल येना नाय. आदी कसा कुंकवासारखा येय. आता सादा पानी. म्हंजे बरा होता मा?”

आणि माझ्याकडे बघून हसली गं. आनंदाची बातमी द्यावी तशी.

पहिल्याच महिन्यात मॅडमनी शिकवलं होतं. लाल कॅप्सूल पोटात गेली की लघवी लाल येते. पेशंटने काय सांगितलं ते लिहून घ्या, पण लघवीचा रंग विचारा. तू वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या होत्यास. मी शेजारी बसून तुझ्या कानातल्याकडे बघत होतो, तरी ते माझ्या डोक्यात राहिलं.

मी वहिनीला म्हटलं, “बघतो.”  मागे गेलो आणि दादूला विचारलं, कॅप्सूल कुठे जातात? त्याने हाताने डोंगराचा उतार दाखवला. दगड भिरकावल्यासारखा.

“कित्याक रे दादू?”

“डाव्या कौलावर औषद लागू पडना नाय, मास्तर. माज्या बापाशीक अशीच डावी पाकळी पडलेली. डाक्तर काय कमी केले? उगाच शकुक आशा कित्याक लावायची?”

मी ओरडलो, शिव्या दिल्या. माणसं गोळा झाली. मला येतं ते एवढंच. तू असतीस तर काय बोलली असतीस? ते मला सांग. तुमच्या त्या सेशनमध्ये पहिलं वाक्य काय असतं? मी शिकलो नाही तिथपर्यंत.

अंबादास

घाटकोपर, १७ फेब्रुवारी १९८६

सुलू,

हे पत्र प्रेमाचं नाही. शपथ कुणाची घालू? तुझीच घालतो.

दादूच्या थुंकीतून रक्त पडतंय. मी त्याला टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरने गोळ्या परत सुरू करायला सांगितल्या. दादूने हात जोडून घेतल्या आणि घरी येऊन उशाशी ठेवल्या. तशाच आहेत.

मी त्याला म्हणालो, गावात डावा कौल पडला तर माणसं काय करतात, गळफास घेतात? तो म्हणाला, नाय, परत गाऱ्हाणं घालतात. काही चुकलं-माकलं असलं तर पदरात घे म्हणतात आणि परत पाकळ्या लावतात. मी उडालोच. म्हटलं, मग लाव की परत!

सुलू, आता मी काय केलं ते ऐक. तसलाच डबा आणला, बिस्किटांचा. चिठ्ठ्या केल्या आणि सगळ्यांवर ‘अ’ लिहिलं. दादू भिंतीला टेकून बसला, टोपी घातली, डोळे मिटून गावच्या रवळनाथाला काहीतरी पुटपुटला. शकुवहिनीने डोक्यावर पदर घेतला. मी, जन्मात देवळाची पायरी न चढलेला, त्या दोघांपुढे डबा धरून उभा. त्याने चिठ्ठी काढली. ‘अ’. वहिनी रडायलाच लागली. दादूने चिठ्ठी कपाळाला लावली. एक क्षण वाटलं, जिंकलो यार.

मग त्याने परत डब्यात हात घातला. दुसरी काढली. तिसरी काढली. एकेक उलगडून मांडीवर ठेवली.

“हय सगळेच उजवे,” तो म्हणाला. रागावला नाही. “मास्तर, असो कौल आमी मरनाऱ्याक लावतंव. बरा वाटाचा म्हनान.”

त्यानंतर माझ्याशी तो हवापाण्याचंच बोलतो. पण काल संध्याकाळी एक वाक्य बोलला, म्हणून हे पत्र. “ज्या हातान डबो धरलो, त्या हातान परत धरूक व्हयो. तुज्या हातचो नाय.”

म्हणजे तुझ्या. तुझा तो खरा डबा घेऊन ये. चिठ्ठ्या तुझ्या अक्षरात. काही निघो. ‘ब’ निघाला तर तू त्याला समजावशील, तुला ते येतं. तू तुझ्या तोंडाने त्याला सांग, ‘मी तुला टाकलेलं नाही.’ मी असणार नाही. हवं तर त्या दिवशी मी कल्याणला जाऊन बसेन. तुझ्या मुलुंडहून घाटकोपर म्हणजे काय सातासमुद्रापार आहे?

ये गं.

अंबादास

मानखुर्द, २५ फेब्रुवारी १९८६

सुलक्षणा,

कार्ड मिळालं. ‘दादूच्या नावाने मला बोलावू नकोस. तुझा मलेरिया मी विसरलेले नाही.’

तो मलेरिया! कॉलेजच्या वेळी थाप मारली होती, कबूल. मानखुर्दपर्यंत तू बसने आलीस, मोसंबी घेऊन, आणि मी दारात शीळ घालत उभा. तू मोसंबीची पिशवी माझ्या छातीवर फेकलीस आणि तशीच परत गेलीस. वर्षभर तेवढ्यावर मी जगलो, की ही माझ्यासाठी इतक्या लांब आली. आता ती एक थाप दादूच्या उरावर बसली आहे. लांडगा खरंच आलाय, सुलू. मी मेंढपाळ वाईट आहे, पण लांडगा खरा आहे.

दवाखान्यात विचार. नोंद बघ. माझ्यावर नको, कागदावर तरी विश्वास ठेव.

अंबादास

मानखुर्द, २४ मार्च १९८६

सुलक्षणा,

शुक्रवारी दुपारी तू भटवाडीत होतीस आणि मीही होतो. तरी हे लिहितोय. तू बराच वेळ पाठमोरी होतीस, काही गोष्टी तुला दिसल्या नसतील.

दादू कसा गेला ते तू वहिनीला विचारलं नाहीस, बरं केलंस. मी सांगतो. सकाळची वेळ. नळाला पाणी आलेलं, सगळ्या चाळीत बादल्यांचा आवाज. तो मोरीत तोंड धुवायला वाकला होता. वहिनी हंडा घेऊन आत आली आणि तिने पाहिलं, मोरीत लाल. ती मला म्हणाली, “मास्तर, पयल्यांदा माका वाटला, गोळी घेतल्यानी.” निमिषभर तिला बरं वाटलं होतं. मग दादू खाली बसला आणि परत उठला नाही.

मी पोचलो तेव्हा मोरी धुऊन झाली होती.

तू नेमकी बाराव्याला येशील असं मला वाटलं नव्हतं. दवाखान्यातली नोंद बघून आलीस म्हणालीस. तो गेल्याचं तुला दारातच कळलं. उशीर झाला म्हणालीस. मी दारामागे मोरीशी बसलो होतो, पाहुण्यांचे पेले विसळत. तुझ्या पर्समधून तो डबा बाहेर आला तेव्हा माझं डोकं फिरलं. आता? आता आणतेस? मी उठलोच होतो. तोंडात काय काय आलं होतं ते लिहीत नाही.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, “बाय, होच तो डबो?”

आणि खोकली. तो खोकला मी ओळखतो. तूही ओळखलास, कारण तुझी मान एकदम वळली. गेल्या आठवड्यात तिची थुंकी तपासली, जंतू निघाले. तुला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मला होतं. तिने लाल कॅप्सूल आणल्या होत्या आणि दादूच्या उशीच्या जागी ठेवल्या होत्या, कागदसुद्धा न सोडता.

तिने हात पदराला पुसला आणि पुढे केला. “माका काडूंदे. माजो काय येता ता बगतंय. मगे ठरवतंय, घ्यायच्यो काय नाय.”

सुलू, मी तुला विचारलं, ओरडूनच विचारलं असणार, “आत काय आहे? सगळे ‘अ’ टाकलेस ना?”

तू म्हणालीस, “नाही. जसे होते तसेच आहेत. अर्धे अर्धे. मी खोटा कौल लावायला आले नव्हते.”

“मग कशाला आणलास?”

“त्याला दाखवायला. माझं अक्षर, माझी कात्री. हे सगळं मी केलंय, देवाने नाही, हे मी त्याला माझ्या तोंडाने सांगणार होते.”

मी चटकन उत्तर शोधत होतो, तुला लागेल असं.  मी दादूला सांगितलं होतं की हे कोणीच ठरवलं नाही. तू सांगायला आली होतीस, ‘मी ठरवलं.’ या दोन वाक्यांच्या मध्ये एक माणूस होता.

मग तू जे केलंस ते मी आयुष्यात विसरणार नाही. डबा वहिनीच्या हातापासून बाजूला घेतलास आणि खाली उलटा केलास. चिठ्ठ्या चटईभर पसरल्या. एक माझ्या पायाशी आली, मी उचलली नाही. तू चटईवरच बसलीस, तिच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. म्हणालीस, “वहिनी, तुमच्यासाठी चिठ्ठी नाही. तुम्ही माझ्या अभ्यासात नाही. मी दर सोमवारी येणार, अशीच. बसा. आज सकाळी उठल्यापासून काय काय झालं, तिथून सांगा.”

हे पहिलं वाक्य होतं तर. मी जानेवारीत विचारलेलं.

 वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग शेजारच्या दोन बायका दारात येऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे. मग परत माझ्याकडे. मी दादूचा मास्तर, रोज येणारा, शिव्या देणारा, खोट्या चिठ्ठ्या करणारा. माझ्यासमोर ती काय बोलणार?

तुझ्यासाठी मी बरंच जमवून ठेवलं होतं. प्रबंधात दादू ‘गळालेल्यां’च्या रकान्यात जाणार का, हे विचारायचं होतं. मॅडमना काय सांगशील, हे विचारायचं होतं. माझ्याशी लग्न करशील का, हेही त्याच दमात विचारणार होतो, बाराव्याच्या दिवशी. माझी अक्कल तुला ठाऊक आहे. तू माझ्याकडे वळून पाहिलं नाहीस. वळली असतीस तर मी बोललो असतो.

मी पेले पालथे घातले. कॅप्सूलची पुडी दादूच्या जागेवरून उचलली आणि पाण्याच्या तांब्याशेजारी, तुमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. शेजारणींना म्हटलं, “चला मावशी, जरा भायेर.” एक म्हणाली, “कित्याक रे, काय गुपित आसा?” मी म्हटलं, “हो.”

चाळीत दिवसाउजेडी कोणी दार लावत नाही. लावलं की लोक समजतात, घरात काहीतरी वाईट झालंय. इथे झालंच होतं. दादूला हिरवा पडदा मिळाला नाही. वहिनीला निदान दाराची फळी तरी असावी.

माझ्यामागे आतून तिचा आवाज आला, पहिलाच, अगदी बारीक, “सकाळी उटलंय तेव्हा...” पुढचं मला ऐकायचं नव्हतं. उंबरा ओलांडला, दार दोन्ही हातांनी धरलं आणि आवाज होऊ न देता ओढून घेतलं.